सडा, वारा आणि सातबारा

महाबळेश्वरच्या माथ्यावर सह्याद्रीचे दोन फाटे होतात. एक फाटा कोकणच्या कड्याकडेने दक्षिणेस जातो, व त्यालाच आपण मुख्य सह्याद्री म्हणतो. दुसरा त्याच्याशी जवळजवळ समांतर राहून, कोयनेचे खोरे स्वतःच्या व मुख्य रांगेच्या मध्ये ठेवून, पाटणपर्यंत उतरतो, आणि सातारा जिल्ह्याच्या १८८५ सालच्या गॅझेटिअरात त्याचा उल्लेख बामणोली–घेरा दातेगड रांग असा केलेला आढळतो. पश्चिमेस कोयनेचे आणि पूर्वेस उरमोडी व तारळी या कृष्णेला मिळणाऱ्या नद्यांचे पाणी विभागणारी ही रांग असूनही तिला टोकदार शिखरे अशी फारशी नाहीत. चढ संपवून माथ्यावर पोहोचलेल्या प्रवाशाला तेथे कोसच्या कोस पसरलेले, जांभ्या दगडाने मढलेले, वृक्षांना पारखे असे सपाट मैदान भेटते, ज्याला तिकडचे लोक सडा म्हणतात. फुलांमुळे जगभर नाव झालेले कास हे याच परिसरातले. आणि त्याच्या दक्षिणेस असलेली चाळकेवाडी व वनकुसवडे ही पठारे पवनचक्क्यांमुळे सर्वांना ठाऊक झालेली. डोंगर हिंडणाऱ्या माणसांमध्ये गेली दोन तपे जो एक वाद चालू आहे, की पर्वतमाथ्यावर हे मनोरे असावेत की नसावेत, त्याची महाराष्ट्रातील खरी रणभूमी हीच. म्हणून तो वाद घरी बसून ऐकण्यापेक्षा त्याच्या जागेवर जाऊन ऐकावा, या हेतूने यंदा वैशाखाच्या अखेरीस आम्ही काही मंडळी साताऱ्याहून निघालो.

अजिंक्यताऱ्याच्या डोंगरातील बोगदा ओलांडला की रस्ता परळीच्या दिशेने वळतो, आणि सज्जनगडाचा ताशीव माथा समोर येतो. समर्थांच्या समाधीमुळे तेथे बारमाही भाविकांची ये-जा असते, आणि भक्तनिवासात मुक्कामाची व मठात प्रसादाची सोय असल्यामुळे डोंगरभटक्यांनाही तो सोयीचा तळ झाला आहे. संध्याकाळच्या आरतीनंतर पाठीवरच्या पिशव्या भिंतीला टेकवून बसलेल्या मंडळींची ओळख व्हायला वेळ लागत नाही. कारण दोन अपरिचित भटके एकत्र आले की नाव-गाव विचारण्याआधी ते एकमेकांना वाट आणि पाणी विचारतात. त्या रात्रीही तसेच झाले. वासोट्यास जाऊन आलेल्या एकाने बामणोलीहून मिळणाऱ्या होडीची व वनखात्याच्या परवान्याची हकिकत सांगितली. दुसऱ्याने एका घळीतील वाट दरड कोसळून मोडल्याची खबर दिली. तिसऱ्याने अमुक कड्याखाली आग्या मोहोळ बसले आहे, तेथून धूर न करता व अत्तर न लावता जावे, अशी ताकीद दिली. कोणत्या टाक्यातले पाणी होळीपर्यंत टिकते, कोणत्या देवळाची पडवी रात्रीस मिळते, कोणत्या वाडीत वाटाड्या भेटतो, हे ज्ञान कोणत्याही एका ग्रंथात सामावलेले नाही; ते माणसांच्या तोंडी असते व दर ऋतूस बदलते.

या तोंडी ज्ञानाला लेखी आधार नव्हता असे मात्र नाही. गो. नी. दांडेकरांसारख्या दुर्गप्रेमी लेखकांनी मराठी वाचकाला गडाकडे वळवले, आणि आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’सारख्या पुस्तकाने वाटांचे रेखाटलेले नकाशे त्याच्या हाती दिले. त्याहून शिस्तशीर साधन म्हणजे भारतीय सर्वेक्षण खात्याचे पन्नास हजारांस एक या प्रमाणाचे नकाशे, ज्यांना सारे भटके टोपोशीट म्हणतात; परंतु किनाऱ्यालगतच्या विस्तीर्ण पट्ट्याचे पत्रे संरक्षणाच्या कारणास्तव दीर्घकाळ निर्बंधित असल्याने, ते मिळवण्यासाठी अर्ज, दाखले आणि शिफारसी यांचा खटाटोप करावा लागे, व एखाद्याकडे पत्रा असला तर त्याची झेरॉक्स हातोहात फिरे. २०२१ साली केंद्र सरकारने नकाशांवरील बहुतेक निर्बंध सैल केले. आमच्या सोबत सर्वेक्षणाच्या कामातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, ज्यांना सारे आदराने काका म्हणत. त्यांनी कंदिलाच्या उजेडात या भागाचा ४७ जी मालिकेतील पत्रा उलगडला व तरुणांना सावध केले, की यावरील समोच्च रेषा वीस वीस मीटरांच्या अंतराने काढलेल्या असतात, सबब पंधरा मीटरांचा उभा कडा दोन रेषांच्या मध्ये बिनदिक्कत लपू शकतो. नकाशा खोटे बोलत नाही, पण जे त्याला विचारलेले नसते ते तो आपण होऊन सांगत नाही. काकांचे हे वाक्य पुढच्या साऱ्या प्रवासात वारंवार आठवत राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ठोसेघरच्या वाटेने निघालो. पावसाळ्यात ज्या धबधब्यापुढे वाहनांची रांग लागते, तो वैशाखात कड्यावरील एक काळा ओघळ एवढाच उरलेला होता. तेथून वर चाळकेवाडीच्या चढणीला लागताच क्षितिजावर पांढरे मनोरे दिसू लागले, आणि पठारावर पाऊल ठेवले तेव्हा पाहावे तिकडे तेच: कोणी मंद गतीने फिरत असलेले, कोणी निश्चल, कोणी पाते गळालेले. सडा भाजून तांबूसकाळा पडला होता. गवत करपले होते. कोठे पाण्याचा थेंब नव्हता. प्रथमच येथे आलेला पुण्याचा एक तरुण उद्गारला, “इथे आहेच काय, ज्याचं नुकसान व्हावं?” त्याच्या प्रश्नाला कोणी लगेच उत्तर दिले नाही, ते उत्तर मिळेपर्यंत दिवस कलला.

वारा येथेच का, याचा विचार प्रथम करू. अरबी समुद्रावरून येणारा नैर्ऋत्य मोसमी प्रवाह कोकणची सखल पट्टी ओलांडून सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतो, वर चढण्यास भाग पडतो, आणि माथ्यावरून जाताना त्याचा मार्ग आकुंचित झाल्याने त्याचा वेग वाढतो; पुढे पठार सपाट व वृक्षहीन असल्यामुळे त्याला अडवणारे काही नसते. पाटणजवळच्या सडावाघापूरला भर पावसाळ्यात कड्यावरून कोसळू पाहणारे पाणी हाच वारा उलट वर फेकतो, व तो उलटा धबधबा पाहण्यास हल्ली झुंबड उडते. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, हे येथील साऱ्या अर्थव्यवहाराचे मूळ होय: वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते, आणि सेकंदास सहा मीटरांचा वारा सात मीटरांचा झाला, एवढ्यानेही ती दीडपटीहून अधिक होते. अर्थात ती सगळी माणसाच्या हाती लागत नाही. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९१९ सालीच सिद्ध केले, की कोणतेही चक्र वाऱ्यातील शक्तीचा ५९.३ टक्क्यांहून अधिक अंश काढून घेऊ शकत नाही. सर्वसाधारण यंत्र सेकंदास तीन-चार मीटरांच्या वाऱ्यावर फिरू लागते, बारा-तेरा मीटरांवर पूर्ण क्षमतेस पोहोचते, आणि पंचवीस मीटरांच्या आसपास स्वतःच्या रक्षणासाठी थांबते.

हा वारा कोठे किती वाहतो याची पद्धतशीर मोजणी करणाऱ्यांत अण्णा मणी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. पुण्याच्या वेधशाळेत उपकरणांच्या विभागात त्यांची उमेदीची वर्षे गेली. निवृत्तीनंतर त्यांनी देशभर ठिकठिकाणी मापनाचे मनोरे उभारून वाऱ्याच्या वेगाची जी कोष्टके सिद्ध केली, त्यांच्या आधारावर पुढील काळात भारतातील पवनऊर्जेची ठिकाणे निश्चित होत गेली. १९८६ च्या सुमारास कोकण किनाऱ्यावर रत्नागिरीकडे पंचावन्न किलोवॅटची लहान यंत्रे प्रयोगादाखल उभी राहिली. त्यानंतर दीड दशकाच्या आत वनकुसवड्याच्या समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंच पठारावर यंत्रांचा जणू मेळा भरला. तेथील प्रकल्पाची क्षमता २५९ मेगावॅट सांगितली जाते. त्यांपैकी अनेक यंत्रे साडेतीनशे किलोवॅटची, तेहतीस मीटर व्यासाच्या चक्राची. वर्षाचे ८,७६० तास धरून व क्षमतेच्या एक पंचमांश इतकेच सरासरी उत्पादन मानून हिशेब केला, तर असे एक यंत्र वर्षाला सुमारे सहा लाख युनिटे वीज देते, आणि त्यातला मोठा वाटा आषाढ-श्रावणातला असतो. कोळशाच्या धुराशिवाय मिळणारी ही वीज आहे, हे विरोधकांनीही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

पठाराच्या पश्चिम कडेवर उभे राहिले की खाली कोयनेचा शिवसागर जलाशय पसरलेला दिसतो, आणि वीज व डोंगर यांचा या मुलखातील संबंध पवनचक्कीपासून सुरू होत नाही हे ध्यानात येते. १०३ मीटर उंचीचे कोयना धरण बांधले गेले, त्याच्या पाण्यात गावेच्या गावे गेली, आणि ते पाणी मुख्यत्वे बोगद्यांतून कोकणात सोडून आज १,९६० मेगावॅटपर्यंत वीजनिर्मिती होते. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप कोयनानगरची घरे पाडून गेला, तो घाव वेगळाच. राज्याच्या विजेसाठी खोऱ्याने एकदा आपला तळ दिला होता, आणि आता त्याच खोऱ्याच्या माथ्याची पाळी आलेली होती. खोऱ्यातील म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात हे दोन प्रसंग एकमेकांपासून वेगळे निघत नाहीत.

दुपारी एका वाडीत थांबलो. घराच्या ओट्यावर बसलेल्या वृद्धाने पाण्याचा तांब्या पुढे केला व आमची चौकशी केली. जमिनीचा विषय काकांनी काढला. म्हातारा हसून म्हणाला, “पाव्हणं, ही जमीन म्हंजी नुसता दगूड. सातबाऱ्यावर पोटखराबा. कागदावर सही क्येली तवा वाटलं, दगडाचं पैसं आलं, लई झालं. पर पावसाळ्यात गुरं हितंच चरत हुती, ती कागदात कुठं व्हती?”

“आणि आता, बाबा? रस्ता झाला, त्याचा उपयोग नाही का?” आमच्यातील एकाने विचारले.

“हाय की! नाही कसा? पयलं बाळंतिणीला डोलीतनं खाली न्यायचं, आता गाडी दाराशी येती. धाकला पोरगा रखवालीला लागला हुता. तवा नुसतं वाईट झालं म्हनू नका. पर ज्यानं दगूड इकला त्यो, आन् ज्यानं वारा इकत घेतला त्यो, दोघांचं तराजू येगळं हुतं, येवढंच.”

या एका वाक्यात अर्थशास्त्राचा एक प्रबंध होता. महसुली दप्तरात जमिनीची प्रत तिच्या पिकावरून ठरते. जिथे नांगर चालत नाही ती पडीक, आणि पिकाखालील क्षेत्राच्या पोटातला दगड तो पोटखराबा. आकारणीच्या हेतूने ही वर्गवारी बरोबरच आहे, कारण सरकारला तेथून सारा मिळावयाचा नव्हता. परंतु जी नोंद सारा माफ करण्यासाठी केली होती, तीच पुढे किंमत ठरविताना वापरली गेली. आणि खरेदीखताच्या वेळी त्या दगडावरून वाहणाऱ्या वाऱ्याचा भाव फक्त एकाच पक्षाला ठाऊक होता. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात पुढे पवनचक्कीग्रस्त शेतकऱ्यांची जी आंदोलने झाली, त्यांचे मूळ या असमान माहितीत आहे.

वाडीतून निघून पठाराच्या पाठीवरून दक्षिणेकडे चालताना आमच्यातला वाद खरा पेटला. पुण्याच्या तरुणाची भूमिका आता बदलली होती. गडावरून दिसणाऱ्या क्षितिजावर मनोरे उभे करणे म्हणजे इतिहासाचा अधिक्षेप आहे, असे तो आवेशाने म्हणू लागला. सोबत सांगलीकडील एक यंत्रज्ञ होता, ज्याने काही वर्षे मनोऱ्यांवर चढून देखभालीचे काम केलेले होते. तो शांतपणे म्हणाला, “दादा, आपण ज्या रस्त्यानं वर आलो तो पवनचक्कीसाठीच झाला आहे. क्षितिज मोकळं हवं, मान्य. पण घरी गेल्यावर पंखा लावायचा तो कुठल्या विजेवर, हेही सांगावं लागेल.” त्यावर कऱ्हाडच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्या बाई म्हणाल्या, की दृश्याचा प्रश्न मला दुय्यम वाटतो, कारण सौंदर्याविषयी दोघांचे मत एक होणे कठीण; प्रश्न आहे तो पायाखाली काय आहे याचा. आणि सकाळपासून अनुत्तरित राहिलेल्या शंकेचे उत्तर त्यांनी तेथेच, एका कोरड्या खळग्याच्या काठी बसून, दिले.

हा जांभा म्हणजे काळ्या पाषाणाचे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे, उष्ण व आर्द्र हवेत झालेले विघटन. त्यावर मातीचा थर कोठे बोटभर, कोठे तेवढाही नाही. पावसाळ्यात तो जलमय असतो व उन्हाळ्यात भट्टीसारखा तापतो, म्हणून येथे झाड तग धरीत नाही. तग धरतात त्या अल्पायुषी, हट्टी वनस्पती. मातीतील पोषणद्रव्यांची उणीव कीटक पचवून भरून काढणारी सीतेची आसवे आणि दवबिंदू, पांढरे गेंद, पिवळी सोनकी, कवल्याची फुले, तेरड्याचे गालिचे, आणि वर्षानुवर्षे थांबून एकदाच फुलणारी टोपली कारवी, हे सारे भाद्रपदात पाहावे. ज्या खळग्याच्या काठी आम्ही बसलो होतो, तशाच पावसाळी डबक्यांतून वायतुरा उगवतो. त्याचे कंद वैशाखात जमिनीखाली निद्रिस्त असतात, दोन फाट्यांचा तुरा पाणी भरल्यावरच वर येतो, आणि विज्ञानाला त्याची ओळख १९८० च्या दशकात याच सातारच्या सड्यांवरून झाली. जांभ्याच्या सच्छिद्र थरातून झिरपलेले पाणी खालच्या चिकट थराला अडून पठाराच्या कडेवर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते, व कड्याखालच्या वाड्यांची तहान त्यावर भागते. तेव्हा रस्त्यासाठी माथा कोठे खोदावा हा प्रश्न फुलांपुरताही उरत नाही.

बाईंनी मग समोरच्या दगडावर बोट दाखविले. एक सरडा मान ताठ करून बसला होता, आणि पाहता पाहता त्याने गळ्याखालची निळी, काळी व नारिंगी झालर पसरली. २०१६ साली स्वतंत्र जात म्हणून वर्णिलेल्या या सरड्याचा मूळ नमुना चाळकेवाडीच्याच पठारावरचा आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे पवनचक्क्यांच्या परिसराची लगतच्या मोकळ्या सड्याशी तुलना केली, व २०१८ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष या वादात उभय पक्षांनी वाचण्यासारखे आहेत. यंत्रांच्या परिसरात तीसा, कापशी यांसारख्या शिकारी पक्ष्यांचे प्रमाण जवळपास चौपटीने कमी आढळले. त्यामुळे सरड्यांची संख्या मात्र वाढली. परंतु वाढलेल्या या सरड्यांच्या शरीरातील ताणाची द्रव्ये कमी भरली, माणूस जवळ आला तरी ते उशिरा पळत, आणि नरांच्या गळ्यावरील रंगही फिके आढळले. पाते एखाद्या पक्ष्याला लागून तो मेला, एवढ्यापुरताच पवनचक्कीचा परिणाम मोजणाऱ्यांना हे संशोधन पुढची पायरी दाखविते: आकाशातून शिकारी हटला की जमिनीवरच्या जीवाचे वर्तन, संख्या आणि वर्णही बदलतात. सडा ओसाड झाला असे यातून सिद्ध होत नाही, तसा तो पूर्वीसारखाच राहिला असेही नाही. तो निराळा झाला, आणि कोणी मुद्दाम मोजले नसते तर ते कोणाच्या ध्यानातही आले नसते.

ज्या न्यायाने यंत्रांना तपासावयाचे, त्याच न्यायाने भटक्यांनाही तपासले पाहिजे. कास २०१२ साली पश्चिम घाटातील एकोणचाळीस स्थळांपैकी एक म्हणून जागतिक वारशात गेले, आणि फुलांच्या हंगामात गर्दी इतकी लोटली की दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घालून शुल्क आकारणे भाग पडले. ही गर्दी कोणत्याही उद्योगाने आणलेली नव्हती. ती एकाने दुसऱ्याला दिलेल्या माहितीने आली. दुर्मीळ फूल सापडले की त्याचा ठावठिकाणा सांगावा की लपवावा, हा प्रश्न बाईंनी विचारला तेव्हा तरुण मंडळी गप्प झाली. त्यांचे स्वतःचे मत असे, की झऱ्याचा पत्ता सर्वांना द्यावा, कंदाचा पत्ता मात्र नोंदवून ठेवावा आणि तो केवळ अशा माणसाला द्यावा, जो तो वाचविण्याच्या अधिकारावर आहे.

पण त्या अधिकारापर्यंत माहिती पोहोचावी कशी? मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरी घ्यावयास लावणारी जी २००६ सालची केंद्राची अधिसूचना आहे, तिच्या अनुसूचीत पवनऊर्जेचा समावेश नाही; म्हणजे सड्यावर मनोरे उभारण्याआधी तेथे काय उगवते व काय उडते याची जाहीर सुनावणीसह चौकशी करण्याचे बंधन त्या कायद्याने घातलेले नाही. वनजमीन असेल तर वनखात्याची परवानगी लागते, पण सड्याचा पुष्कळ भाग खासगी पडीक. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली २०१० साली नेमलेल्या पश्चिम घाट समितीने आपल्या अहवालात भीमाशंकर अभयारण्यालगतच्या पवनचक्क्यांचा परामर्श घेतला, आणि यंत्रांहूनही त्यांच्यासाठी तीव्र उतारावर कापलेले रस्ते व तोडलेले जंगल यांकडे लक्ष वेधले. आमच्यातील यंत्रज्ञानेही हे मान्य केले. तो म्हणाला, की मनोऱ्याची जागा थोडीच असते. अवजड पाते वळणावरून न्यायचे म्हणून जो रस्ता रुंद करतात, त्याचा राडारोडा कड्यावरून लोटतात, आणि क्रेनसाठी जे मैदान करतात, त्यानेच डोंगर अधिक दुखावतो.

दूरदेशीचे एक उदाहरण येथे विचारात घेण्यासारखे आहे. स्कॉटलंडमध्ये ह्यू मन्रो नावाच्या गिर्यारोहकाने १८९१ साली तीन हजार फुटांवरील पर्वतांची यादी छापली. आज तिच्यात २८२ शिखरे गणली जातात, आणि ती सारी चढून जाण्याचे व्रत हजारो लोक घेतात. तेथील गिर्यारोहकांच्या संस्थेने पवनऊर्जेला सरसकट विरोध न करता, अमुक शिखराच्या सान्निध्यातील अमुक प्रकल्प, अशा रीतीने एकेका प्रस्तावावर लेखी हरकती घेण्याची पद्धत ठेवली. २०१४ साली तेथील शासनाने राष्ट्रीय उद्याने व राष्ट्रीय निसर्गसौंदर्याची क्षेत्रे पवनचक्क्यांना वर्ज्य ठरविली, आणि मनुष्यस्पर्शापासून दूर राहिलेल्या बेचाळीस क्षेत्रांचा नकाशाही प्रसिद्ध झाला. पुढे २०२३ च्या धोरणात या नकाशातील क्षेत्रांचे संरक्षण काहीसे सैल झाले, आणि वाद पुन्हा उसळला. तेथील निर्णय आपल्याला पटो वा न पटो, आपण घेण्यासारखी गोष्ट ही, की तेथे डोंगर चढणाऱ्याचे ज्ञान नकाशावर व हरकतीच्या अर्जावर उतरते. आपल्याकडे ते मठाच्या पडवीत रात्री सांगितले जाते, आणि सकाळी पांगते.

प्रवासाचा शेवट दातेगडावर केला. पाटणच्या वर, टोळेवाडीनजीक असलेला हा गड आकाराने लहान. पण त्याचे प्रवेशद्वार व पायऱ्या कातळात कोरलेल्या आहेत, दाराशी गणपती व मारुती यांच्या मूर्ती आहेत, आणि माथ्यावर तलवारीच्या आकाराची पायऱ्यांची खोल विहीर आहे, जिच्या तळाशी वैशाखातही पाणी होते. तटावरून सभोवार पाहिले की लगतच्या पठारांवरील मनोरे दिसतात. ते दृश्य कोणाला खुपावे, कोणाला भव्य वाटावे. काकांनी मात्र कंपास काढून, कोणता मनोरा कोणत्या कड्यापासून किती आत आहे ते टिपावयास आरंभ केला, व यंत्रज्ञ त्यांना यंत्रांची क्षमता सांगू लागला. दोन दिवस भांडलेली माणसे तासभर एकाच वहीवर वाकली होती.

त्या वहीला आज विशेष महत्त्व आहे, कारण पहिल्या पिढीच्या यंत्रांचे आयुष्य संपत आले आहे. पवनचक्की साधारणतः वीस-पंचवीस वर्षांची धरतात. आणि जुनी उतरवून त्यांच्या जागी नवी उभारण्याचे केंद्राचे धोरण २०१६ साली आले व २०२३ साली सुधारले गेले. साडेतीनशे किलोवॅटच्या सहा यंत्रांइतकी क्षमता आता २,१०० किलोवॅटच्या एकाच यंत्रात मिळते. त्याच्या चक्राचा व्यास १२० मीटर व मनोऱ्याची उंची १४० मीटरपर्यंत असते. म्हणजे सहा पाये, सहा जोडरस्ते यांऐवजी एकच. पण तो एक गडागडांवरून दिसणारा, आणि त्याचे पाते वर आणण्यासाठी वळणे अधिक रुंद मागणारा. डोंगरासाठी हा सौदा लाभाचा ठरेल की हानीचा, हे त्या एकाची जागा कोठे ठरते यावर अवलंबून आहे: झऱ्याच्या वर की बाजूस, तीसा ज्या कडेवर तरंगतो तेथे की तेथून आत, वायतुऱ्याच्या डबक्यात की रिकाम्या कातळावर, आणि उरलेले पाच पाये उखडून सडा मोकळा होतो की काँक्रीट तसेच राहते. भारताची पवनऊर्जेची स्थापित क्षमता २०२५ च्या मार्चपर्यंत पन्नास हजार मेगावॅटच्या पुढे गेली. ती वाढतच राहणार, म्हणून ‘नकोच’ असे म्हणणाऱ्याचे फार काळ ऐकले जाणार नाही, आणि ‘कोठेही चालेल’ असे म्हणणाऱ्याला मोकळे रानही देता येणार नाही. ऐकले जाईल ते ‘येथे नको, तेथे चालेल, आणि त्याचे कारण हे’ असे सांगणाऱ्याचे. व तसे सांगण्याइतकी बारीक माहिती ज्यांच्यापाशी आहे असे दोनच वर्ग आहेत, सड्यावर गुरे चारणारे आणि सडा पायांनी मोजणारे.

तेव्हा आमच्या मंडळींनी ठरविले ते असे. प्रत्येकाने आपल्या वाटेवरील झरे, डबकी, घरटी व जुन्या पायवाटा गावनकाशाच्या गट क्रमांकांनुसार लिहून काढाव्यात. वाडीतील जाणत्यांकडून त्या तपासून घ्याव्यात. सीतेच्या आसवांपासून वायतुऱ्यापर्यंत जे पावसाळ्याशिवाय दिसत नाही त्यासाठी भाद्रपदात पुन्हा फेरी करावी. आणि ती यादी ग्रामसभेपुढे ठेवून तिचा ठराव करून घ्यावा, म्हणजे ती एका भटक्याची हौस न राहता गावाचा दस्तऐवज होईल. दुर्मीळ कंदांची पाने मात्र बाईंनी वेगळ्या पाकिटात ठेवण्यास सांगितले. काकांनी वहीवर रकाने आखून दिले, आणि शेवटचा रकाना रुंद ठेवला, ज्याच्या शिरोभागी त्यांनी ‘हरकत व कारण’ असे लिहिले.